चाळीस घरांतले विंडोज १० पीसी विंडोज ११ वर न्यायचे आहेत : पेनड्राइव्ह फिरवू की अपडेट आपोआप येऊ देऊ?

बीविंग

सोसायटीत चाळीसेक घरगुती पीसी आणि लॅपटॉप अजून विंडोज १० वर आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला मोफत सुरक्षा अपडेट थांबले, तरी बहुतेक मालकांनी काहीच हालचाल केलेली नाही. त्यात होम आहे, प्रो आहे, बऱ्याच लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ आहे आणि काही गल्लीतल्या दुकानातून असेंबल करून घेतलेले डेस्कटॉप आहेत. काही घरांत फायबर आहे, पण बरेच जण मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, म्हणजे रोजचे दीड-दोन जीबी. क्लबहाऊसमध्ये सोसायटीचं वायफाय आहे.

विचारायचं आहे ते असं. एकच पेनड्राइव्ह सगळ्यांना चालेल का, की आवृत्तीप्रमाणे वेगळा लागेल? एका पीसीवर उतरवलेलं अपग्रेड नेटवर्कवरून बाकीच्यांना देता येतं म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे? फोटो, टॅली, टाइप केलेली कागदपत्रं जागच्या जागी राहायला हवीत. आणि जे पीसी विंडोज ११ च्या अटींत बसतच नाहीत त्यांचं काय करायचं?

सर्व्हिसबेंच

पेनड्राइव्ह हा यातला सगळ्यात सोपा भाग. आधी छाननी करा, कारण विंडोज अपडेट जे काम गुपचूप करतं ते पेनड्राइव्ह लावला की तुमच्या अंगावर येतं.

मायक्रोसॉफ्ट अपग्रेड सगळ्यांना एकाच दिवशी सोडत नाही. एखाद्या मॉडेलवर किंवा ड्रायव्हरवर गडबड दिसली की त्या पीसींपुरतं ते अडवून ठेवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये २४एच२ (विंडोज ११ ची त्या वर्षीची मोठी आवृत्ती) आलं तेव्हा असूसच्या एक्स४१५केए आणि एक्स५१५केए या लॅपटॉपवर निळी स्क्रीन येत होती, म्हणून त्यांना ते देणं थांबवलं होतं. हा अडसर विंडोज अपडेटच्या वाटेवर असतो. पेनड्राइव्हवरून सेटअप चालवलात की तुम्ही त्याला वळसा घालून जाता. म्हणून ज्या पीसीच्या अपडेट पानावर ‘पात्र आहे, पण अजून तयार नाही’ अशा अर्थाचा संदेश असेल तो बाजूला ठेवा. नक्की बघायचं असेल तर रेजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची वही) अ‍ॅपकॉम्पॅटफ्लॅग्जच्या आत ‘टार्गेट व्हर्जन अपग्रेड एक्स्पिरियन्स इंडिकेटर्स’ उघडा. ‘जीई२४एच२’खाली ‘गेटेड ब्लॉक आयडी’समोर ‘नन’ सोडून काही आकडा दिसला, तर त्या पीसीला हात लावू नका.

आता छाननी. प्रत्येक पीसीवर ‘एमएसइन्फो३२’ उघडून तीन ओळी लिहून घ्या : प्रोसेसर, बायोस मोड, सिस्टिम टाइप. इंटेल आठव्या पिढीपासून पुढे चालतं. आय५-८२५० मधला डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी, आय५-७२०० म्हणजे सातवी. एएमडीत रायझन २००० पासून पुढे, पण तिथे एक खोच आहे : २२००जी आणि २४००जी ही नावं २००० ची असली तरी आतला गाभा पहिल्या पिढीचा, म्हणून ती यादीत नाहीत. सिस्टिम टाइपमध्ये ‘एक्स८६’ दिसलं तर ते ३२ बिट विंडोज आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यामुळे तिथे वरच्यावर अपग्रेड होत नाही, कोरं इन्स्टॉल करावं लागतं. परवान्याची चिंता नको, ३२ बिटचा डिजिटल परवाना त्याच आवृत्तीच्या ६४ बिटला लागू पडतो.

मग ‘टीपीएम.एमएससी’ चालवा; टीपीएम म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप. टीपीएम सापडत नाही असं आलं तरी आठव्या पिढीच्या पुढच्या बोर्डवर तो बहुधा बंदच ठेवलेला असतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंग्जमध्ये, इंटेलवर ‘पीटीटी’ आणि एएमडीवर ‘एफटीपीएम’ नावाने शोधा. बायोसला हात लावण्याआधी अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’ बघाच. होम आवृत्तीच्या लॅपटॉपवरही डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असू शकतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. चालू असेल तर आधी मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि संरक्षण तात्पुरतं थांबवा. तसं न करता टीपीएम किंवा सिक्युअर बूट (चालू होताना फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) बदललंत तर पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर तीच की मागेल, आणि ज्या खात्यात ती आहे त्याचा पासवर्ड परदेशातल्या मुलाकडे असेल.

यानंतरची चाचणी डेटाला धक्का न लावता होते. पेनड्राइव्हवरचं सेटअप अ‍ॅडमिन प्रॉम्प्टमधून ‘स्टार्ट /वेट’ लावून असं चालवा : सेटअप /ऑटो अपग्रेड /क्वाएट /कंपॅट स्कॅनओन्ली /ईयूएलए अ‍ॅक्सेप्ट. हे काही बसवत नाही, फक्त तपासतं. संपल्यावर ‘एको’ देऊन एररलेव्हल, म्हणजे निकालाचा आकडा, छापा. उणे दहा अंकी आकडा येईल, त्याचे शेवटचे तीन अंक बघायचे. ८९६ म्हणजे रस्ता मोकळा. ९०४ म्हणजे एखादा प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर आडवा येतोय. ९१२ म्हणजे हार्डवेअर अटीत बसत नाही. ८९८ म्हणजे डिस्कवर जागा नाही. ९०८ म्हणजे आवृत्ती किंवा भाषा जुळत नसल्याने ‘सगळं ठेवा’ हा पर्याय मिळणार नाही. चाळीस पीसींचे हे आकडे एका वहीत आले की रविवारचं अर्धं काम झालं.

पेनड्राइव्हबद्दल : १६ जीबीचा घ्या. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवलेल्या एकाच पेनड्राइव्हमध्ये होम, प्रो आणि सिंगल लँग्वेज तिन्ही असतात. सेटअप आधीची आवृत्ती ओळखून तीच निवडतं, वेगळे पेनड्राइव्ह नकोत. त्यावरून बूट करू नका. विंडोज १० चालू असतानाच आतून सेटअप उघडायचं, नाहीतर फाइल आणि प्रोग्रॅम ठेवायचा पर्याय येतच नाही.

आणि जुनी आयएसओ (विंडोज बसवायची फाइल) कुणी दिली तर घेऊ नका. २४एच२ ची जी माध्यमं ८ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२४ दरम्यानची सुरक्षा अपडेट घालून बनवली होती, त्यांवरून बसवलेले पीसी पुढची सुरक्षा अपडेट घेईनासे होऊ शकत होते. डिसेंबर २०२४ नंतरच्या माध्यमात ते दुरुस्त झालं. पेनड्राइव्ह ज्या महिन्यात वापरायचा त्याच महिन्यात नव्याने बनवावा.

पॅकेटमोज्या

नेटवर्कवरून वाटण्याबद्दल. तथ्य आहे, पण तुमच्या इमारतीत ते घरोघरी चालणार नाही. या सोयीचं नाव डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, तिथे ‘इतर पीसींवरून घेऊ द्या’ चालू करून ‘माझ्या लोकल नेटवर्कवरचे पीसी’ निवडायचं. मग एका पीसीने उतरवलेले तुकडे दुसरा त्याच्याकडून घेतो. मात्र दोघं एकाच राउटरमागे हवेत. प्रत्येक फ्लॅटचा राउटर वेगळा, म्हणजे प्रत्येक घर स्वतंत्र नेटवर्क, शेजारी भिंतीला भिंत लावून असला तरी.

क्लबहाऊसमध्ये सगळे लॅपटॉप एका वायफायवर आणलेत तर जमेल, पण तिथे दोन गोष्टी हमखास आडव्या येतात. एक, गेस्ट वायफाय. त्यावर बहुधा क्लायंट आयसोलेशन असतं, म्हणजे एका लॅपटॉपला दुसरा दिसतच नाही. त्या दिवसापुरतं मुख्य नेटवर्क द्या. दोन, बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस. त्याची फायरवॉल टीसीपी ७६८० हा पोर्ट बंद ठेवते, आणि देवाणघेवाण त्याच पोर्टवरून होते. व्हीपीएन चालू असेल तर तोही बंद करा. शिवाय तुकडे वाटणाऱ्या पीसीत मुळात ४ जीबी रॅम आणि ३२ जीबीची डिस्क तरी लागते, आणि साठवलेले तुकडे तीन दिवसांनी उडतात. म्हणून शनिवारी रात्री एका पीसीवर उतरवून ठेवा, रविवारी सकाळी बाकीचे जोडा. खरंच चालतंय का ते त्याच पानावरच्या अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये कळतं : ‘लोकल नेटवर्कवरच्या पीसींकडून’ या ओळीत शून्य टक्के असेल तर सगळे इंटरनेटवरूनच ओढतायत.

हॉटस्पॉटवाल्यांना पेनड्राइव्हच बरा. अख्खं अपग्रेड कित्येक जीबीचं, म्हणजे रोजच्या दोन जीबीत ते दिवसेंदिवस रखडतं. त्यात हॉटस्पॉट मीटर्ड (मोजून डेटा मिळणारं कनेक्शन) म्हणून लावलेला असेल तर विंडोज ते सुरूच करत नाही, आणि मालकाला वाटतं अपडेट आलेलंच नाही. पेनड्राइव्हवरून चालवताना पहिल्याच पडद्यावर ‘सेटअपने अपडेट कसे घ्यायचे ते बदला’ अशी बारीक ओळ असते. तिथे ‘आत्ता नको’ निवडा, नाहीतर तेही हॉटस्पॉटवरून ओढायला लागेल.

शॉर्टकट

एवढा खटाटोप कशाला. रुफस या टूलने पेनड्राइव्ह बनवा, टीपीएम आणि सिक्युअर बूटची अट काढून टाका, चाळीसच्या चाळीस पीसींवर चालेल.

जुनाबोर्ड

चालेल, पण ते सांभाळणार कोण? स्वतःच्या पीसीवर हा प्रयोग करणाऱ्याला माहीत असतं की दरवर्षीची मोठी आवृत्ती विंडोज अपडेटमधून आपोआप येणार नाही, पुन्हा पेनड्राइव्ह लावावा लागेल. तळमजल्यावरच्या आजोबांना ते माहीत नसतं. होममधल्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीला २४ महिनेच सपोर्ट मिळतो : २४एच२ चा १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो, २५एच२ चा १२ ऑक्टोबर २०२७ ला. म्हणजे अट वगळून बसवलेला पीसी पुन्हा त्याच जागी येऊन थांबतो, फक्त या वेळी कुणाचं लक्ष नसताना. मायक्रोसॉफ्टने अशा पीसींना अपडेटची हमी दिलेली नाही, हेही आहेच. आणि कोर टू ड्युओच्या काळातले पीसी तर रुफसनेही सुटत नाहीत. २४एच२ ला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या सूचना लागतात, त्या नसतील तर ते बूटच होत नाही.

न बसणाऱ्या पीसींसाठी विंडोज १० वरच एक वर्ष काढायची अधिकृत सोय आहे : एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पीसी विंडोज १० च्या शेवटच्या आवृत्तीवर, २२एच२ वर, हवा, त्यावरची अपडेट पूर्ण हवीत आणि अ‍ॅडमिन म्हणून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन हवं. विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाऊ’ दिसतं. तीन वाटा आहेत : सेटिंग्ज खात्याशी सिंक करणं, १००० रिवॉर्ड्स पॉइंट, किंवा ३० डॉलरइतकी स्थानिक रक्कम. पहिली फुकट आहे. त्यासाठी वनड्राइव्हवर सगळे फोटो चढवावे लागतात ही समजूत चुकीची, फक्त सेटिंग्ज सिंक झाली तरी पुरतं. एका खात्यावर दहा पीसी चालतात, पण म्हणून सेक्रेटरीच्या खात्यावर दहा शेजारी जोडू नका. ज्याचा पीसी त्याचंच खातं ठेवा, नाहीतर एकाचा पासवर्ड आणि सेटिंग्ज दुसऱ्याच्या घरी जाऊन बसतील. ‘एनरोल’ दिसतच नसेल तर बहुतेक वेळा २२एच२ नाही किंवा ऑगस्ट २०२५ नंतरचं मासिक अपडेट राहिलेलं आहे. ते बसवून रीस्टार्ट करा.

जाता जाता : ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचाही सपोर्ट त्याच १४ ऑक्टोबरला संपला. विंडोज बदललं म्हणून ऑफिस सुरक्षित झालं असं नाही.

बीविंग

तपासणी बरीचशी झाली. बहुतेकांचं ८९६ आलं. अडकलेले तीन प्रकार : (अ) दोन लॅपटॉपवर ९०८. (आ) एकावर ८९६ येऊनही खरं अपग्रेड चालवल्यावर ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही’. (इ) असेंबल डेस्कटॉपवर प्रोसेसर दहाव्या पिढीचा, तरी ‘सिक्युअर बूट सपोर्ट नाही’. त्यात सी, डी, ई, एफ असे ड्राइव्ह पाडलेले आहेत.

सर्व्हिसबेंच

(अ) पेनड्राइव्ह बनवताना भाषा ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ निवडली होती का? ती ब्रिटिश इंग्रजी. आपण भारतात आहोत म्हणून लोक तीच निवडतात, पण लॅपटॉपवर अमेरिकन इंग्रजी असेल तर सेटअप त्याला वेगळी भाषा धरतं आणि प्रोग्रॅम ठेवायला नकार देतं. त्या दोन लॅपटॉपवर ‘डिस्म /ऑनलाइन /गेट-इंटल’ चालवून ‘डिफॉल्ट सिस्टिम यूआय लँग्वेज’ बघा. ईएन-यूएस असेल तर साधा ‘इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)’ निवडून दुसरा पेनड्राइव्ह बनवा. भाषा जुळत असूनही ९०८ येत असेल तर ‘विनव्हर’ बघा. दुकानदाराने एंटरप्राइझ किंवा एलटीएससी (कंपन्यांसाठीच्या आवृत्त्या) टाकलेलं असू शकतं, आणि ते या पेनड्राइव्हमध्ये नसतं. अशा पीसीवर ‘एसएलएमजीआर /एक्सपीआर’ने सक्रियतेची मुदत दाखवली तर परवाना घरगुती नाही. तिथे मालकाला परवाना घ्यावा लागेल हे आधी सांगून ठेवा.

(आ) हा संदेश बूटच्या फाइल ठेवणाऱ्या ईएफआय पार्टिशनबद्दल आहे. ते १०० एमबीचं असतं आणि त्यात साधारण १५ एमबी मोकळे लागतात. अ‍ॅडमिन प्रॉम्प्टमध्ये ‘माउंटव्हॉल वाय: /एस’ देऊन ते वाय ड्राइव्ह म्हणून उघडा, ‘ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट, फाँट्स’ या फोल्डरात जा आणि फक्त तिथल्या फाइल काढा. हे बूट पडद्यावरचे फाँट आहेत, ते काढून टाकण्याचा उपाय मायक्रोसॉफ्टचाच आहे. तेवढ्याने भागलं नाही तर लॅपटॉप कंपनीने तिथे बायोसच्या प्रती ठेवल्यात का बघा, पण त्या उडवण्याआधी दुसरीकडे कॉपी करा. ‘बूट’ फोल्डरातल्या बाकीच्या कशालाही हात नको.

(इ) एमएसइन्फोत बायोस मोड ‘लेगसी’ असणार. बोर्ड यूईएफआयचं, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसचं, आहे, पण दुकानदाराने जुन्या सवयीने एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर विंडोज टाकलं. सिक्युअर बूट चालू असायलाच हवं असं नाही, पण यूईएफआयने बूट व्हायला हवं. ‘एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाउफुलओएस’ चालवा; डिस्क नव्या जीपीटी मांडणीत नेता येईल का ते हे तपासतं. पास झालं तर ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’, आणि लगेच बायोसमध्ये जाऊन सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद, यूईएफआय चालू. हे विसरलात तर पीसी बूट होणार नाही आणि डिस्क गेली असं वाटेल.

तुमच्या बाबतीत मात्र व्हॅलिडेटच नापास होण्याची शक्यता जास्त. या टूलला जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात, एक्स्टेंडेडमधली लॉजिकल अजिबात नाहीत, आणि डी, ई, एफ बहुधा तशीच पाडलेली असतात. मग त्या तिन्हींतला डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा, डिस्क मॅनेजमेंटमधून ती पार्टिशन आणि उरलेलं एक्स्टेंडेड काढून टाका, कन्व्हर्ट करा, मग मोकळ्या जागेत पुन्हा एक डी बनवा. मालकासमोर बसून करा, आणि कॉपी केलेल्या चार-पाच फाइल उघडून दाखवल्याशिवाय डिलीट दाबू नका.

लिपीकार

टॅली आणि टाइपिंगबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. विंडोजसोबत येणारे मराठी इनस्क्रिप्ट आणि मराठी फोनेटिक कळफलक अपग्रेडमध्ये टिकतात. त्रास होतो तो डाँगलवर (यूएसबीला लावायची परवान्याची किल्ली) चालणाऱ्या जुन्या फाँट सॉफ्टवेअरला. त्याचा ड्रायव्हर ६४ बिट आणि सही केलेला नसेल तर डाँगल लागूनही ओळखला जात नाही. ‘कोअर आयसोलेशन’मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू करायचा प्रयत्न करून बघा : विसंगत ड्रायव्हरची यादी तिथेच दिसते. आणि जे पीसी ३२ बिटवरून ६४ वर जाणार आहेत, त्यांवरचे डॉसच्या काळातले १६ बिट प्रोग्रॅम पुढे चालणारच नाहीत. कुणाचे जुने हिशेब त्यात असतील तर आधी छापून किंवा निर्यात करून घ्या.

जीएसटीसाठी डिजिटल सही वापरणाऱ्यांचा टोकन अपग्रेडच्या वेळी काढून ठेवा. सर्टिफिकेट टोकनमध्येच असतं, ते जात नाही, पण टोकनचा ड्रायव्हर आणि एमसाइनर (सही करायचं सॉफ्टवेअर) नंतर पुन्हा टाकावे लागू शकतात. जीएसटी भरायच्या २० तारखेच्या आदल्या दिवशी अशा पीसीला हात लावू नका. टॅलीचा डेटा फोल्डर वेगळ्या डिस्कवर कॉपी करा, टॅलीच्या बॅकअपवर थांबू नका.

बीविंग

शेवटचं : कुणाचं काही बिघडलं तर परत विंडोज १० वर जायला किती दिवस मिळतात? लोक आठवड्याभराने सांगायला येतात.

सर्व्हिसबेंच

दहा दिवस. तेवढ्यात ‘विंडोज.ओल्ड’ हे जुन्या विंडोजचं फोल्डर साफ होतं आणि सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमधलं ‘गो बॅक’ नाहीसं होतं. तुमच्या लोकांसाठी अपग्रेड संपताच त्याच बैठकीत ‘डिस्म /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:३०’ देऊन टाका, ६० पर्यंत वाढवता येतं. दहा दिवस उलटल्यावर दिलं तर उपयोग नाही. डिस्क क्लीनअप किंवा ‘फुकट पीसी साफ करा’वाली सॉफ्टवेअर या काळात चालवू नका म्हणावं, ती पहिल्यांदा तेच फोल्डर उडवतात. १२८ जीबी एसएसडीवाल्यांची सी भरलेली असते आणि जुनं विंडोज सहज पंधरा-वीस जीबी धरून बसतं, तिथे महिनाभर थांबायच्या भानगडीत पडू नका, दहा दिवसच राहू द्या.

डेस्कटॉप इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर ठेवा. फिरत्या हार्ड डिस्कवर हे काम काही तास चालतं, आणि टक्के एकाच आकड्यावर बराच वेळ थांबले म्हणून बटण दाबून बंद करू नका. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे. अपयशी ठरून पीसी आपणच विंडोज १० वर परतला तर सी ड्राइव्हवरच्या दडलेल्या ‘विंडोज.~बीटी’ फोल्डरात सोर्सेस, पँथर असं जाऊन ‘सेटअपएरर.लॉग’ इथे टाका. कोडमध्ये १९००१०१ असेल तर ड्रायव्हरचा दोष. त्या वेळी प्रिंटर, वेबकॅम, ब्लूटूथचा खडा, सगळं काढून आणि बाहेरचा अँटिव्हायरस पूर्ण अनइन्स्टॉल करून पुन्हा चालवा, नुसता बंद करून नाही.